लिनक्सच्या लॅपटॉपवर धावण्याची नोंद: जीपीएस सॉफ्टवेअर निवडण्याची कृती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरचे धडधाकट लॅपटॉप एका दिवसात 'जुने' ठरले. विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही आणि ते टाकून द्यायला मन होत नाही. मग कुणीतरी उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून देतं. ब्राउझर चालतो, मराठी टायपिंग चालतं, सिनेमे चालतात. गाडी अडते ती मनगटावरच्या घड्याळापाशी. 'गार्मिन एक्सप्रेस' हे गार्मिनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकसाठी आहे. नागपूरच्या फुटाळा तलावापाशी सकाळी मारलेली फेरी घड्याळात असते, फोनमध्ये असते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. समोरच्या लॅपटॉपवर तेवढी नसते.

अशा वेळी बहुतेक जण लिनक्ससाठीच्या फिटनेस सॉफ्टवेअरची एखादी यादी शोधतात, त्यातलं पहिलं नाव बसवतात आणि आठवडाभरात कंटाळतात. खरं तर क्रम उलटा हवा. आधी आपला प्रश्न ठरवायचा, मग आपली फाइल हातात घ्यायची, ती नागपूरच्याच रस्त्यांवर पारखायची आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी ठरवायचं. खालची कृती याच क्रमाने लिहिली आहे. तीन-चार सकाळी आणि एक निवांत रविवार एवढा वेळ तिला पुरतो.

साहित्य

- उबंटू, मिंट किंवा तत्सम लिनक्स असलेला लॅपटॉप. ४ जीबी रॅम असली तरी सुरुवात करता येते.
- जीपीएस घड्याळ, सायकलचा संगणक किंवा साधा अँड्रॉइड फोन.
- माहितीची ने-आण करणारी यूएसबी केबल. पुष्कळशा स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. घड्याळ जोडलं आणि लॅपटॉपला काहीच कळलं नाही, तर आधी केबल बदला.
- एक पेनड्राइव्ह.
- वही आणि पेन. सॉफ्टवेअरच्या परीक्षेचे गुण तिथेच मांडायचे आहेत.

पायरी १: आपला प्रश्न एका वाक्यात लिहा

'मला व्यायामाची नोंद ठेवायची आहे' हे वाक्य पुरेसं नाही. त्या नोंदीचं पुढे काय करणार, ते लिहा. साधारण चार प्रकारची माणसं असतात.

पहिला नुसता बघणारा. आज कुठून गेलो, कुठे वेग पडला, एवढं नकाशावर दिसलं की त्याचं भागतं. दुसरा वही ठेवणारा. गेल्या वर्षीच्या जानेवारीत अंबाझरीची फेरी किती वेळात झाली होती आणि यंदा किती, हे त्याला हवं असतं. तिसरा हिशेबी. हृदयगती, पॉवर मीटरचे वॅट, आठवड्याचा एकूण ताण, शर्यतीआधी किती विश्रांती घ्यावी, हे सगळं त्याला आलेखात लागतं. चौथा वाटून घेणारा. घरातले चौघे किंवा कॉलनीतला गट यांच्या नोंदी त्याला एकत्र, पण कंपनीच्या सर्व्हरवर न टाकता ठेवायच्या असतात.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. तशा तयारीला लागलेल्या माणसाची गरज आणि संध्याकाळी जपानी गार्डनमध्ये चार किलोमीटर चालणाऱ्या माणसाची गरज एक नाही. चालणाऱ्याने शर्यतवाल्याचं सॉफ्टवेअर बसवलं, तर पन्नास आलेख दिसतील आणि त्यातला एकही उपयोगी पडणार नाही. म्हणून आपण चौघांपैकी कोण, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच पुढे जा.

पायरी २: फाइल घड्याळातून बाहेर काढा

हे जमलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. यंत्राप्रमाणे वाट वेगळी आहे.

*गार्मिनचं घड्याळ किंवा सायकल संगणक:* केबलने जोडा. उबंटूच्या 'फाइल्स' खिडकीत डाव्या बाजूला ते पेनड्राइव्हसारखं किंवा फोनसारखं दिसतं. आत 'गार्मिन' फोल्डर आणि त्यात 'ॲक्टिव्हिटी' फोल्डर असतो. प्रत्येक व्यायामाची एक फाइल तिथे असते. फाइली कापून आणू नका, त्यांची प्रत काढा. कंपनीचं कुठलंही सॉफ्टवेअर यासाठी लागत नाही.

*ॲमेझफिट किंवा मी बँडसारखी घड्याळं:* यातली पुष्कळशी 'गॅजेटब्रिज' या मोफत अँड्रॉइड ॲपशी जोडता येतात आणि नोंद फोनवरच उतरते. आपलं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, ते आधी पाहा.

*फक्त फोन:* 'ओपनट्रॅक्स' आणि 'फिटोट्रॅक' ही दोन मुक्त ॲप 'एफ-ड्रॉइड' या मुक्त ॲपच्या भांडारात मिळतात. दोन्ही खातं उघडायला सांगत नाहीत आणि जीपीएक्स फाइल देतात. बसवल्यावर लगेच फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरची बंधनं काढा. नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला झोपवतो आणि सेमिनरी हिल्सचा चढ नकाशावर एका सरळ रेषेत संपतो.

*जुन्या नोंदी स्ट्राव्हावर असतील तर:* स्ट्राव्हाच्या संकेतस्थळावर सेटिंग्जमधल्या 'माय अकाउंट'मध्ये संपूर्ण संग्रह मागवता येतो. ही सोय खातं बंद करण्याच्या पानावरच ठेवली आहे, त्यामुळे घाबरायला होतं. तिथे फक्त संग्रह मागवण्याचं बटण दाबा; त्याच्या खालच्या, खातं मिटवण्याच्या बटणाला हात लावू नका. काही वेळाने ईमेलवर दुवा येतो आणि झिप फाइलमध्ये तुमच्या मूळ नोंदी मिळतात.

पायरी ३: फाइलची जात ओळखा

तीनच जाती लक्षात ठेवायच्या.

'फिट' ही घड्याळाची स्वतःची, घट्ट बांधलेली फाइल. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. पण हृदयगती, लॅप, पॉवर, तापमान, पावलांची लय असं सगळं तिच्यात असतं.

'टीसीएक्स' ही गार्मिनची, पण वाचता येण्याजोग्या मजकुरात लिहिलेली. लॅप आणि हृदयगती तिच्यात राहतात.

'जीपीएक्स' ही सर्वांची भाषा. तिची सध्याची १.१ आवृत्ती २००४ सालची आहे आणि जवळपास प्रत्येक नकाशा-सॉफ्टवेअर ती वाचतं. मात्र मूळ नियमात तिच्यात फक्त जागा, उंची आणि वेळ असते. हृदयगती जोडपत्र म्हणून येते, आणि ते जोडपत्र वाचायचं की टाकून द्यायचं, हे ज्या-त्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर असतं.

यावरून एक नियम निघतो. तिन्हीपैकी सगळ्यात भरलेली, म्हणजे शक्यतो फिट फाइल 'मूळ' म्हणून जपा. फिटचं जीपीएक्स कधीही करता येतं. 'जीपीएसबॅबल' हे छोटं साधन त्यासाठीच आहे आणि उबंटूच्या भांडारात मिळतं. उलट्या वाटेने गळालेली माहिती मात्र परत येत नाही.

पायरी ४: चार परीक्षा-फाइली तयार करा

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सियस तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान विभागाने नंतर केला. मे महिन्यात नागपूर तापतं हे खरंच, पण यंत्राने दिलेला आकडा पडताळल्याशिवाय घ्यायचा नसतो. आपल्या मनगटावरच्या आकड्यालाही हाच न्याय. म्हणून ज्यांचं खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, अशा चार नोंदी करा.

*फाइल क: मोजलेलं अंतर.* ४०० मीटरच्या आखलेल्या ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनमध्ये साडेबारा फेऱ्या मारा. अंतर पाच किलोमीटर. बाहेरच्या लेनमध्ये धावू नका, तिथे दर फेरीला अंतर वाढतं आणि परीक्षाच चुकते.

*फाइल ख: डोक्यावर छप्पर.* वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना आहे. तिच्या खालच्या रस्त्याने पहाटे, रहदारी नसताना आणि पदपथ धरून थोडं अंतर चाला. उपग्रहाचा संकेत काँक्रीटवर आपटून येतो आणि नोंद रस्ता सोडून घरांवरून उड्या मारते. हीच तर आपल्याला हवी असलेली खराब फाइल. असल्या फाइलला कोणतं सॉफ्टवेअर कसं सावरतं, ते पुढे दिसेल.

*फाइल ग: माहीत असलेली उंची.* झिरो माइलच्या स्तंभाजवळ नोंद सुरू करून दहा मिनिटं त्या परिसरात फिरा. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं प्रमाण उंचीचिन्ह इथे १९०७ साली बसवलं गेलं आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची दगडावरच कोरली आहे: १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. ज्यांनी हे सर्वेक्षण सुरू केलं, ते विल्यम लॅम्बटन १८२३ साली शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला मोहिमेवर असतानाच वारले. त्यांची कबर तिथेच आहे. दोन शतकांपूर्वीच्या त्या मोजणीचा फायदा आपल्याला आज होतो. आपल्या घड्याळाची उंची पारखायला शहराच्या मध्यावर पक्का आकडा तयार आहे.

*फाइल घ: पहाट आणि थांबा.* पहाटे साडेपाचच्या आधी धावायला निघा आणि मध्ये एकदा चांगली पाच मिनिटं थांबा. घड्याळ बंद करू नका. तर्री पोह्याच्या गाडीवर थांबलात तर पाचाची पंधरा होतील, तेही चालेल. फक्त किती वेळ थांबलो, ते वहीत लिहा.

चारही फाइली 'परीक्षा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

पायरी ५: उमेदवार निवडा

लिनक्सवर पर्याय बरेच आहेत, पण पायरी १ चं उत्तर हाती असेल तर दोनपेक्षा जास्त बसवून पाहायची गरज नाही.

*जीपीएक्स-सी* हे बघणाऱ्यासाठी. नाव जीपीएक्सचं असलं तरी फिट आणि टीसीएक्सही उघडतं. नकाशा वर, आलेख खाली. वेग, उंची, हृदयगती, लय, पॉवर, तापमान यांतलं जे फाइलमध्ये असेल ते दिसतं. चार-पाच फाइली एकत्र उघडून तुलना करता येते. हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर चटकन चालतं. वही मात्र ठेवत नाही; खिडकी मिटली की विषय संपला.

*मायटूरबुक* हे वही ठेवणाऱ्यासाठी. प्रत्येक फेरी त्याच्या कोठारात जाते. तिला खुणा लावता येतात, वर्षावार आणि महिनावार बेरजा मिळतात. एखादा पट्टा संदर्भ म्हणून ठरवला, की त्या पट्ट्यावरून गेलेल्या जुन्या फेऱ्या ते शोधून काढतं. कामठी, कन्हान, मनसर करत रविवारी रामटेकला जाणाऱ्या सायकलवाल्याला गडमंदिराचा चढ दर वेळी किती वेळात झाला, हे अशाने कळतं. जावावर चालतं, त्यामुळे उघडायला थोडा वेळ घेतं आणि खिडक्यांची दाटी समजायला दोन संध्याकाळी जातात.

*गोल्डनचीता* हिशेबी माणसासाठी. २००६ पासून चालत आलेला हा मुक्त प्रकल्प मुळात पॉवर मीटरवाल्या सायकलस्वारांचा, पण धावण्याचे हिशेबही करतो. ताण आणि विश्रांती यांचा दीर्घ आलेख, हृदयगतीचे पट्टे, आपल्या क्षमतेची वक्ररेषा हे त्याचं खरं बळ. पॉवर मीटर आणि छातीचा पट्टा दोन्ही नसतील, तर याच्या वाटेला जाऊ नका.

*फिटट्रॅकी* वाटून घेणाऱ्यासाठी. ते लॅपटॉपवरच्या साध्या सॉफ्टवेअरसारखं नसतं. घरातल्या एका संगणकावर सर्व्हर म्हणून बसवायचं आणि बाकीच्यांनी ब्राउझरमधून वापरायचं. डॉकर आणि डेटाबेस म्हणजे काय, हे माहीत असलेला एक जण घरात हवाच.

जुन्या याद्यांमध्ये 'टर्टल स्पोर्ट', 'पायट्रेनर' अशी नावंही भेटतील. कुठलंही नाव घेण्याआधी त्या प्रकल्पाची शेवटची आवृत्ती कधी आली, ते पाहा. घड्याळं दरवर्षी नवी येतात आणि त्यांच्या फिट फाइलीत नवे रकाने येतात. ज्याच्याकडे पाच वर्षं कुणी पाहिलेलं नाही, ते सॉफ्टवेअर तुमच्या नव्या घड्याळापुढे हात टेकेल.

पायरी ६: बसवा

जीपीएक्स-सी उबंटूच्या भांडारात आहे आणि 'फ्लॅटहब' या फ्लॅटपॅक ॲपच्या भांडारातही. फ्लॅटपॅकने बसवलं आणि पेनड्राइव्हवरच्या फाइली दिसल्या नाहीत, तर घोटाळा परवानगीचा असतो. फाइली घरच्या फोल्डरमध्ये आणा, नाहीतर त्या ॲपला परवानगी द्या.

गोल्डनचीता 'ॲपइमेज' म्हणून मिळतं, म्हणजे सगळं एका फाइलमध्ये. उतरवल्यावर फाइलवर उजवी टिचकी मारून गुणधर्मांत 'प्रोग्रॅम म्हणून चालू द्या' ही खूण करा. तरीही काहीच घडत नसेल, तर 'लिबफ्यूज२' हा घटक नसल्याची शक्यता सगळ्यात जास्त. उबंटू २२.०४ पासून तो आपोआप येत नाही. २४.०४ मध्ये त्याचं नाव 'लिबफ्यूज२टी६४' आहे, त्या नावाने शोधून बसवा.

मायटूरबुक त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, उलगडा आणि आतली चालू करायची फाइल दाबा.

'वाइन' या साधनातून लिनक्सवरच विंडोजचं सॉफ्टवेअर चालवण्याचा किंवा आभासी संगणकात विंडोज बसवण्याचा मोह होईल. घड्याळाची फर्मवेअर बदलायची असेल तर तेवढ्यापुरता तो मार्ग ठेवा. रोजच्या नोंदीसाठी नको.

पायरी ७: सहा प्रश्नांची परीक्षा घ्या

वहीत आडवे सहा रकाने आखा आणि प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्या. फाइली त्याच चार.

*१. तारीख बरोबर आहे का?* फाइल घ उघडा. जीपीएसच्या फाइली जागतिक वेळेत लिहिल्या जातात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. नागपूरला उन्हाळ्यात माणसं पाच वाजता धावायला निघतात, तेव्हा जागतिक वेळेत आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. सॉफ्टवेअरने वेळ बदलून घेतली नाही, तर रविवारची धाव शनिवारी दिसते आणि आठवड्याची बेरीज चुकते. सेटिंगमध्ये वेळक्षेत्र निवडता येत असेल तर भारतीय वेळ ठेवा आणि पुन्हा पाहा.

*२. अंतर किती?* फाइल क मध्ये पाच किलोमीटरच्या जवळ काय येतं? ४.९ ते ५.१ च्या आत असेल तर दोन गुण. वळणांवर घड्याळ कोपरे कापतं, त्यामुळे थोडा फरक राहणारच. एकच फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळं अंतर दाखवते, तेव्हा एक जण घड्याळाने लिहिलेलं अंतर वाचत असतो आणि दुसरा बिंदू जोडून नव्याने मोजत असतो. कोण काय करतं ते ओळखा आणि पुढे कायम एकच पद्धत धरा.

*३. थांबा कसा धरतं?* फाइल घ मध्ये एकूण वेळ आणि प्रत्यक्ष हालचालीचा वेळ वेगळे दिसले पाहिजेत. दोन्हीतला फरक वहीतल्या थांब्याच्या मिनिटांशी जुळतो का? जीपीएक्स-सीमध्ये थांबा ओळखण्यासाठी कमीत कमी वेग आणि वेळ ठरवता येतात. व्हरायटी चौकातला सिग्नल आणि पोह्याची गाडी दोन्ही त्यात सापडली पाहिजेत.

*४. उंची किती?* हा सगळ्यात खोल प्रश्न, म्हणून इथे जरा थांबा. फाइल ग मध्ये ३११ मीटरच्या आसपास आकडा अपेक्षित आहे. फोनवरची नोंद असेल तर कदाचित २५० च्या जवळचा आकडा दिसेल. यात फोन बिघडलेला नसतो. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. दगडावर कोरलेली उंची आहे समुद्रसपाटीपासूनची. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे हे दोन पृष्ठभाग जुळत नाहीत. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हा फरक शंभर मीटरांहून जास्त, जगातला सगळ्यात मोठा. नागपूरपाशी तो साठेक मीटर भरतो. अँड्रॉइड मूळ आकडा लंबगोलाचाच देतं. तो दुरुस्त करायचं काम ॲपचं, आणि ॲपने केलं नसेल तर सॉफ्टवेअरचं.

दुरुस्तीचा दुसरा मार्ग म्हणजे फाइलमधली उंची बाजूला ठेवून जमिनीच्या नकाशातली घेणं. त्यासाठी बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीची माहिती वापरतात. मायटूरबुक आणि जीपीएक्स-सी दोन्हींना ती घेता येते. मात्र २००० साली वर्धा रोडवर दुमजली पूल नव्हता. तुम्ही पुलावरून सायकल नेली तरी तो नकाशा तुम्हाला खालच्या जमिनीवरच धरणार.

एकूण चढाईचा आकडा याहून फसवा. नागपूर सपाट शहर. उंचीत दर सेकंदाला एक-दोन मीटरचा झोल असतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक वरचा झोल बेरजेत धरत गेलं, तर अंबाझरीच्या फेरीतच टेकडी चढल्याचा हिशेब निघतो. आलेख मऊ करण्याची सोय आहे का, ते शोधा. ती लावल्यावर आकडा खाली आला पाहिजे.

*५. खराब फाइल सावरतं का?* फाइल ख उघडा. कमाल वेग ताशी साठ किलोमीटर दाखवला तर तुम्ही तेवढ्या वेगाने गेला नाहीत, बिंदूने उडी मारली आहे. जीपीएक्स-सी असे भरकटलेले बिंदू गाळू शकतं. गोल्डनचीतामध्ये जीपीएसच्या चुका दुरुस्त करण्याचं वेगळं साधन आहे. दुरुस्ती मूळ फाइलवर लिहिली जात नाही, एवढं मात्र पाहून घ्या.

*६. मराठी चालतं का?* पडदा इंग्रजीच राहील, त्याची अपेक्षा सोडा. पण टिपणाच्या रकान्यात 'उन्हामुळे शेवटचा टप्पा चालत' असं लिहून पाहा. जोडाक्षरं तुटतात का, जतन करून पुन्हा उघडल्यावर मजकूर शाबूत आहे का, मराठी शब्दाने शोध घेता येतो का, ते तपासा. नागपूरच्या नोंदीत हवामानाचं टिपण फार कामाचं. मे महिन्यात त्याच वेगाला हृदयगती चढलेली दिसते आणि पुढच्या वर्षी कारण आठवत नाही. घड्याळातला तापमानाचा आकडा मनगटाच्या उबेने बिघडतो, म्हणून त्या दिवसाचं तापमान हाताने लिहा.

पायरी ८: माहिती कुठे जाते ते पाहा

जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक उष्णता-नकाशावरून परदेशातल्या लष्करी तळांचे रस्ते उघड झाल्याचं लक्षात आलं आणि जगभर गाजावाजा झाला. नागपुरात वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, आणि दोन्हींच्या आसपास सकाळी पुष्कळ लोक धावतात. आपल्यापुरता धोका साधा आहे: दररोज नोंद जिथे सुरू होते आणि संपते, ते आपलं घर.

लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर इथे उजवं ठरतं, कारण फाइल घराबाहेर जात नाही. नकाशाची चित्रं इंटरनेटवरून येतात, तेवढाच संबंध. तोही नको असेल, तर जीपीएक्स-सी ऑफलाइन नकाशे उघडतं. ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून चित्रं घाऊक उतरवायला मनाई आहे. त्यासाठी तयार नकाशा-फाइल मिळवा. फाइल कुणाला पाठवायची असेल, तर सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा किलोमीटर कापून पाठवा.

पायरी ९: बाहेर पडून दाखवा

ही परीक्षा बहुतेक जण घेत नाहीत आणि तीन वर्षांनी पस्तावतात. ज्या सॉफ्टवेअरला जास्त गुण मिळाले, त्यात दहा-बारा नोंदी टाका, टिपणं लिहा, आणि मग सगळं बाहेर काढायला सांगा. फाइली कोणत्या जातीत मिळतात? हृदयगती आणि लॅप त्यात शिल्लक आहेत का? एकगठ्ठा निघतात की एकेक काढावी लागते? बाहेर काढलेली एक फाइल दुसऱ्या उमेदवारात उघडून पाहा.

गोल्डनचीता आत घेतलेल्या मूळ फाइलीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. मायटूरबुक नोंद आपल्या कोठारात घेतं, म्हणून मूळ फाइली सांभाळणं तुमच्याकडे. टिपणं आणि खुणा मात्र कुठेही पूर्णपणे बाहेर पडत नाहीत, असं धरून चाला. महत्त्वाचं टिपण वर्षाअखेरीस साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवा.

पायरी १०: ठरवा आणि घडी बसवा

गुणांची बेरीज करा. बेरजेत एक अपवाद: पहिल्या प्रश्नात शून्य मिळालेलं किंवा पायरी ९ मध्ये नापास झालेलं सॉफ्टवेअर, बाकी कितीही गुणी असलं तरी, बाद. तारीख चुकली तर वहीच खोटी होते, आणि बाहेर पडता येत नसेल तर वही आपली उरत नाही.

मग घरच्या फोल्डरमध्ये 'व्यायाम', त्यात वर्ष, त्यात महिना अशी उतरंड करा. दर रविवारी घड्याळ जोडून नव्या फाइली आधी इथे आणा आणि सॉफ्टवेअरला इथून वाचायला सांगा. महिन्याच्या पहिल्या रविवारी हा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. तासाभराच्या धावण्यात सेकंदाला एक या हिशेबाने ३,६०० बिंदू होतात, तरी फाइल एका फोटोहून लहान भरते. जागेची चिंता नको.

अडलं तर

- घड्याळ जोडलं, दिसतं, पण फोल्डर रिकामा आहे: घड्याळावरची नोंद 'सेव्ह' केली नसेल, किंवा घड्याळ अजून चालू व्यायामात असेल.
- फाइल उघडते, नकाशा कोरा: इंटरनेट बंद आहे किंवा नकाशाचा स्रोत बदलायला हवा. फाइल ठीक आहे.
- हृदयगतीचा आलेख नाही: जीपीएक्स उघडली असेल, तीच नोंद फिटमध्ये उघडून पाहा.
- स्ट्राव्हाच्या संग्रहातली फिट फाइल उघडत नाही: ती आणखी एकदा दाबलेली असते. उजवी टिचकी मारून उलगडा आणि मग वापरा.
- नवी आवृत्ती आल्यावर जुने आकडे बदलले: मोजण्याची पद्धत बदलली असेल. 'परीक्षा' फोल्डरमधल्या चार फाइली पुन्हा चालवा आणि नवे आकडे वहीत जुन्यांशेजारी लिहा.

बघणाऱ्याने जीपीएक्स-सी, वही ठेवणाऱ्याने मायटूरबुक, वॅट मोजणाऱ्याने गोल्डनचीता आणि घरच्या गटाने फिटट्रॅकी, इथून सुरुवात केली तर बहुधा दुसरीकडे जावं लागत नाही. आणि जावं लागलंच, तर फोल्डर उचलायचा आणि त्याच चार फाइली नव्या उमेदवारापुढे ठेवायच्या.